रुईची खोली

१२ नोव्हेंबर १९६१, चिखली
या घरात येऊन आठ दिवस झाले. एवढ्यात स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: स्वयंपाकघरातली दोन फडताळे, मोरीचे झाकण, पत्र्याचा बंब, आणि लेक पंचफुलेसाठी सागाचा झुला. कड्यासुद्धा मीच घडवल्या. चौथीपुढे शाळा पाहिली नाही, पण कापसाच्या जिनिंगची विलायती यंत्रे मी नुसती पाहून शिकलो. म्हणून तर मालक भगवंतरावांनी मला मलकापूरहून फिटर म्हणून बोलावून घेतले. बायको मनकर्णा म्हणाली, आता घरातले देवबी तुमीच घडवा. पोर सात वर्षांची. झुल्यावर उभी राहून अख्ख्या आळीला ओरडून सांगत होती, माह्या बाबानं केला!

१९ नोव्हेंबर
पंचफुलेचे डोके सकाळी दुखते. उलटी होते, मग तासाभरात बरी. चालताना डावीकडे कलते. मी अंगणात चुन्याची सरळ रेघ ओढली, तीस फूट. ती चौदाव्या फुटाला रेघ सोडते. तीनदा मोजले. शेजारचा शकूर पिंजारी म्हणाला, पुंजाजीभाऊ, रेघा काऊन मारून राह्यले, पोरीले डागदराले दाखवा ना.

२९ नोव्हेंबर
नागपूरहून परतलो. मोठ्या दवाखान्यात कवटीत हवा भरून फोटो काढला. मेंदूच्या मागच्या भागात लिंबाएवढी गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, साधी दिसते, कर्करोग नव्हे. पण मुंबईला नेऊन लवकर काढून घ्या, अशा साध्या गाठीतूनही कधी रक्त फुटते. साधी, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. आणि रक्त फुटते म्हणजे आपटल्यावरच ना? आपटल्याशिवाय कोणती वस्तू फुटली आहे? मग आपटूच द्यायचे नाही.

६ डिसेंबर
मागची खोली तयार. दहा बाय आठ. भिंतींना, फरशीला, दाराला आतून गोणपाटात भरलेली रुई, चार बोटे जाड. पिंजून शकूरने दिली, सुई मी चालवली. टाका दर दीड इंचावर. शकूर म्हणाला, यात तर अख्खी वरात निजून जाईन. खिडकीची चौकट टोकदार, म्हणून तीही झाकली. छताजवळचा झरोका तेवढा ठेवला. पंचफुला आत लोळली, खूप हसली. मग तिने विचारले, झुला अंदर येते का? नाही म्हटले. कडी बाहेरून बसवली.

११ डिसेंबर
पाच दिवसांत एक ओरखडा नाही. मनकर्णा म्हणते, पोरीले कोंडून ठेवलं तुमी, मुंबईले काऊन नेत नाही? मी सांगितले, सुरीने कवटी उघडणाऱ्यापेक्षा माझ्या हातांवर माझा भरवसा आहे. पोर आतून दारावर थापा मारते. रुईमुळे आवाज येत नाही. कडी हलते, तेव्हा कळते.

१५ डिसेंबर
सकाळी नऊ. किंकाळी. ती रुईतूनही आली. दार उघडले तर ती खोलीच्या मधोमध बसलेली, जवळची भिंतही चार फूट दूर. डोके दोन्ही हातांनी धरलेले. बाबा, अंदर काही फुटलं, म्हणाली. ओकली. मान लाकडासारखी ताठ. अंगावर कुठे खूण नाही.

१६ डिसेंबर
कशावर आपटली? चारी भिंती तळहाताने चाचपल्या. खिळा नाही. खडा नाही. टाके उसवून रुई पिंजत बसलो, मूठ मूठ. काही नाही. छतालाही लावली. आता मीही आतच बसतो.

१७ डिसेंबर
गावचे डॉक्टर आले. म्हणाले, मार लागलेलाच नाही, गाठीतलीच शीर फुटली, आपोआप. मी म्हटले, आपोआप काही होत नसते. त्यांनी भिंतींकडे पाहिले, मग माझ्याकडे. आता गाडीत घातली तर वाटेतच जाईल, म्हणाले, आणि इथे ठेवली तरी — बॅग बंद केली. मनकर्णा उंबऱ्याबाहेर बसून आहे. आत ये म्हटले. या खोलीत मी पाय ठेवत नाही, म्हणाली.

१८ डिसेंबर, सकाळ
हाकेला डोळे उघडत नाही. श्वास मिनिटाला बारा. मग नऊ. मध्येच थांबतो —

दुपार
तिचे डोके मांडीवर. हललो की श्वास अडतो. दार चार फुटांवर, उठता येत नाही. माझा आवाज रुईत जातो, परत येत नाही. मनकर्णेला हाक दिली — दिली का?

श्वास सात.

सगळे मोजून लिहिले या वहीत. ३ डिसेंबरचे लिहिले नाही. मनकर्णेलाही सांगितले नाही. भगवंतरावांनी ऑफिसात बोलावले. म्हणाले, पुंजाजी, नाही म्हणू नको बे, माझी जीप घे, मुंबईच्या दवाखान्यात खाट धरून ठेवली, ऑपरेशनचे पैसे हे घे, परत देऊ नको. पाकीट पुढे केले. मी बोटाने मागे सरकवले. म्हणालो, पोरीचे मी पाहतो, मला फक्त दोन मण रुई द्या. त्यांनी नोटा माझ्यासमोर मोजल्या होत्या. एकवीसशे रुपये, आणि मी —