पाय बघून वाजव

प्रिय लॉक्लन,

तुझे इतके फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही. रागावू नकोस. शेवटी तू माझ्या बहिणीकरवी निरोप धाडलास, तो तिच्या पत्रातून पोचला: पुरे झालं टेक्सास, बेटावर परत ये, आपण दोघं पुन्हा एकत्र वाजवू. या वयात कुणी असं विचारलं की हसू येतं, आणि फार बरंही वाटतं. त्या दिवशी माझे बीन्स करपले.

आपला इथला पहिला शनिवार आठवतो? पत्र्याचा हॉल, नाचताना पाय सहज सरकावेत म्हणून लाकडी जमिनीवर भुरभुरलेलं मक्याचं पीठ. आपल्या केप ब्रेटन बेटावरच्या स्वयंपाकघरांत वाजवायचो तसं आपण जीव तोडून वाजवलं, आणि एकानेही टाळी म्हणून वाजवली नाही. जोडपी नुसती उभी, पुढच्या गाण्याची वाट बघत. गिटार पेटीत ठेवताना तू म्हणालास, "दगडांपुढे वाजवलेलं परवडलं." तेवढ्यात मिस ओटिली (नवरा असूनही इथे सगळ्यांची मिसच) कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी. "अगं पोरी, कुठली गाडी गाठायचीय तुला? माझ्या एमिलचा गुडघा अजून त्या कोपऱ्यात आहे, आणि तू गाणं संपवून मोकळी!" सगळा हॉल हसला. मग ती हळूच म्हणाली, "आमची तोंडं नको बघूस, पाय बघून वाजव. आवडलं नसतं तर खुर्च्यांवर नसतो का बसलो?"

तुला तो अपमान वाटला. हिवाळा सरायच्या आत तू गेलास. मी राहिले आणि पाय बघायला शिकले. दुखऱ्या गुडघ्यामुळे एमिलचा डावा पाय घासत यायचा, तिथे मी फिडलवर गज ओढत सूर जरा लांबवायचे. घरून भांडून आलेली जोडपीही मला आता पावलांवरून कळतात. आधी मी 'ती कॅनडावाली' होते, मग 'आमची कॅनडावाली'; हल्ली नुसतंच, "मोराग कुठाय? वॉल्ट्झ राहिलाय." ड्रमवाला केन्जी ओसाकाहून आला, तोही असाच रुळला. मिस ओटिली त्याच्या ताटात सॉसेज वाढत सुटते, "काड्या हातात असाव्यात रे, अंगाच्या नव्हेत!"

एमिल गेला त्याच्या पुढच्याच शनिवारी ती आली. "त्याचा वॉल्ट्झ वाजव," म्हणाली, आणि एकटीच नाचली. त्याचा पाय घासायचा तिथे मी सूर लांबवला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला रडू आवरेना, पण थांबले नाही.

आता फोनचं सांगते. लॉक्लन, मला ऐकू येत नाही. आधी डावा कान गेला, यंदा उजवाही. फोनचा दिवा लुकलुकायचा, त्यावर तुझं नाव दिसायचं आणि मी नुसती बघत बसायचे. तुझा आवाज ऐकायची फार इच्छा होती रे. बेटावर लोक समोर बसून ऐकतात. तिथे मी चुकले तर मला कळणारही नाही. इथे केन्जीचा ठेका फळ्यांतून तळव्यांना लागतो, समोर पावलं असतात, आणि चुकलेच तर मिस ओटिलीचे हात कमरेवर जातात. मी अजून दर शनिवारी वाजवते. म्हणून मी येत नाही. तूच ये. गिटार नको आणूस. टाळ्याही नकोत, मला ऐकू येणार नाहीत. आवडलं, तर एवढंच कर, खुर्चीवर बसू नकोस.

तुझीच,
मोराग