पुशरॉड आणि माझा अंगठा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
मोटरसायकल टकटक करते आहे. चिरंजीव म्हणाला, बाबा, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे, त्या दिवशी हे खटारं नको, टॅक्सी सांगतो. मी ठणकावले की लग्नापासून तुझी आई माझ्यामागे बसून सगळीकडे गेली, तिथेही तशीच जाईल. रविवारपर्यंत टकटक बंद झाली नाही तर सांग तुझी टॅक्सी. ही शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, मला पण विचारा कुणीतरी, डोळा माझा आहे.
फार घाबरलेली दिसते. दाखवत नाही एवढेच.

संध्याकाळ.
गॅरेजवाला म्हणाला, काका, पुशरॉड सैल झालेत. या इंजिनात दोन उभ्या कांड्या असतात, त्या. सैल असल्या की टकटक, फार घट्ट झाल्या की व्हॉल्व्ह जळतो. गाडी ठेवून जा म्हणाला. पण मी गाडी परक्याच्या हाती देत नाही. मग त्याने पद्धत सांगितली. लिहून घेतली:
इंजिन थंड हवे. चावी काढा. प्लग काढा. किक हाताने दाबा. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा खरा, एकदा खोटा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा. हवा अंगठ्याला ढकलेल तो खरा. तेव्हाच कांड्या लावा. बोटांनी फिराव्यात, वरखाली हलू नयेत.
भोकावर अंगठा! आत काय काय फिरत असेल कोणाला ठाऊक.

४ फेब्रुवारी.
इंजिनला हात लावला. कोमट. कालपासून बंद आहे, पण ऊन पडले होते. नियम म्हणजे नियम. उद्या.

५ फेब्रुवारी. सकाळी नऊ.
इंजिन गार. नाइलाज. चावी काढली. नुसती काढून भागत नाही, मध्येच कोणी लावली तर? लपवली.

दुपार.
चावी सापडत नाही. काम तहकूब.

संध्याकाळ.
पीठ चाळताना हिला चावी मिळाली. म्हणाली, अहो, डब्यांत आणखी काय काय लपवलंय ते आत्ताच सांगून ठेवा, दात तेवढे चारच राहिलेत.

७ फेब्रुवारी.
कालपासून नडगी दुखते. बावीस वर्षांपूर्वी याच किकने उलटा फटका मारला होता, तीच. भीती नव्हे. हवामान.

८ फेब्रुवारी, शनिवार.
काम फत्ते!
प्लग काढला. अंगठ्याचा प्रश्न आला. मी सहावीपर्यंत शिकलो आहे, पेन्शनच्या कागदावर सही करतो, अंगठा लावत नाही. पण पेन धरायला अंगठा लागतोच. पूर्ण विचारांती ती पायरी गाळली. हिची विणायची सुई भोकात सोडली आणि किक दाबली. सुई वर आली. पिस्टन वर म्हणजे वर. वर पोचलेल्याला खरा की खोटा असे कोण विचारतो?
कांड्या चांगल्या घट्ट होत्या. गॅरेजवाल्याचे निदान साफ चुकले. सैल केल्या, भिंगरीसारख्या फिरू लागल्या.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.
चालू केली. टकटक संपूर्ण बंद. आता ठणठण आवाज येतो, भांड्यांचे कपाट जिन्यावरून गडगडावे तसा. निरोगी इंजिनाचा आवाज मोकळाच असतो. चिरंजीवाने कानांवर हात ठेवून टॅक्सीवाल्याला फोन लावला. तेवढ्यात ही बाहेर आली. त्याला म्हणाली, थांब रे जरा. पद्धत लिहिलेला माझा कागद नाकाला टेकवून वाचला आणि विचारले, अंगठा कुठे ठेवला होतात?
म्हणालो, खिशात.

संध्याकाळ.
इंजिन गार झाल्यावर ही पदर खोचून बसली. म्हणाली, माझ्या मशीनची सुईपण वर येते, पण टाका घालून वर आली का नुसतीच, ते हाताला कळतं. भोकावर अंगठा ठेवला. चिरंजीवाने हाताने किक दाबली. फुस्स झाले. हाच खरा, म्हणाली. धड दिसत नाही तरी दोऱ्याला पीळ द्यावा तशा कांड्या चिमटीत फिरवून लावल्या. देखरेख मी केली. दाराआडून.
आवाज बंद. खरोखरचा बंद. टॅक्सी रद्द.

१० फेब्रुवारी, सोमवार.
सातला गाडीवर बसलो. इंजिन बंद, तरी गाडी थरथरत होती. हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा कळले कशाने. म्हणाली, ऑपरेशन माझं आहे का तुमचं? उतरा.
चिरंजीवाने चालवली. ही मागे, ताठ. गाडी अशी गेली की कौतुकाने बघत राहावे. मी टॅक्सीने, फाइल घेऊन.
दवाखान्यात नर्सने संमतीचा कागद पुढे केला. नवऱ्याची सही हवी. काही झाले तर जबाबदार कोण, वगैरे. सगळे वाचले. वाचायला नको होते. दोन कागद खराब केले. पेन चिमटीत ठरेना. तिसरा देताना नर्स हळूच म्हणाली, आजोबा, लिहिता येत नसेल तर लाजू नका, अंगठा लावा.
लावला.
तासाभराने ही बाहेर आली, एका डोळ्यावर पट्टी. मी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. उघड्या डोळ्याने निळा अंगठा पाहिला. म्हणाली, हाच ना तो, इंजिनापासून वाचवलेला?