फळ्यावरची लाज

१९ जानेवारी
कोपऱ्यावरच्या फळ्यावर रोज सुविचार लिहितो. आज हात वेगळाच चालला: ‘गल्लीतल्या शाळेत मुलींना संडास नाही. माझ्या देशाची मला लाज वाटते.’ उन्हात उभा राहून बराच वेळ बघत होतो. अक्षर सुरेख आलं होतं. निवृत्त ड्रॉइंग मास्तरला आणखी काय हवं.

२० जाने.
फळा कोरा. बिराजदारनं पुसला, चहावाल्यानं पाहिलं. बिराजदार म्हणजे फौजेतला निवृत्त हवालदार, चाळीस वर्षांचा दोस्त. पुसल्याचं काही नाही, पण सकाळी फिरायलाही आला नाही. एकटाच तळ्यावर गेलो. पाण्यावर धुकं. पलीकडच्या काठानं आम्ही दोघं चाललोय असं उगाच वाटत राहिलं.

२१ जाने.
दुपारी डोळा लागला. स्वप्नात फळा शेताएवढा. मी लिहितोय, बि. मागून कवायत करत येतोय, बुटांखाली अक्षरं पुसली जातायत. दोघं एकच गाणं म्हणत होतो. कुठलं, ते जाग आल्यावर आठवेना.

२३ जाने.
राहवेना, बि.कडे गेलो. वहिनींनी चहा दिला, हा पेपरातून मान वर करेना. शेवटी मीच काढलं: पलटणीत दरबार भरायचा, त्यात साहेबापुढं उठून बुटांची तक्रार केलीस, असं कौतुकानं सांगतोस ना? तेव्हा फौजेच्या विरुद्ध होतास का?
“ते घरातलं हाय. तू चव्हाट्यावर मांडलंस की.”
देशाचं घर चव्हाट्यावरच असतं, म्हणालो. शिवाय लाज आपल्याच माणसाची वाटते. शेजारच्या देशाची मला कधी वाटली नाही.
त्यानं पेपर खाली ठेवला. मग हळू म्हणाला, “संडास न्हाय म्हणून लिही की. लाज म्हणू नको. त्या झेंड्यात गुंडाळून माणसं घरी पोचवल्यात मी.”
कप खाली ठेवून उठलो. परतताना रडू आलं.

२५ जाने.
बि.च्या भावाच्या शेतावर हुरड्याला यंदा बोलावणं नाही. संध्याकाळी खडू घेऊन निघालो. ‘लाज’ गाळावी? गाळली तर उरलेलं खोटं नाही, पण मग ते माझं…
लिहिलं. तेच, पूर्ण.

२६ जाने.
झेंडावंदनाला गल्ली जमली. बि. कडक इस्त्रीत, पदकं लावून. सलामी झाली आणि सरळ फळ्याकडे गेला. वाटलं, आता पुसणार. पुसलं नाही. फळ्याला पाठ लावून सावधानमध्ये उभा राहिला. कुणाला वाचता येईना, पुसताही येईना. लोक पांगले, ऊन वर आलं, तरी तसाच. मी समोरच्या ओट्यावर बसून होतो. पहारा देतोय की झाकतोय, कळेना. उठून विचारायचं धाडस झालं नाही.