पाखरांनी सोडलेली जागा

२ मार्च
पोहोचले एकदाची! होडीतून उतरताना डावा पाय चिखलात गुडघाभर गेला आणि बाहेर आला तो बुटाशिवाय. होडीवाले मामा म्हणाले, पहिल्या दिवशी चिखल प्रत्येकाकडून काहीतरी ठेवून घेतोच. मी म्हटलं, मग दुसराही घेऊ दे, एकाचं मी काय लोणचं घालू?

घर लाकडी, दोन खोल्यांचं, चिखलात रोवलेल्या ओंडक्यांवर उभं. पुढे समुद्र, मागे खाडी. होडीशिवाय कुठूनच वाट नाही. पुढच्या खोलीत भिंतभर खिडकी आणि तिच्यासमोर तिवईवर दुर्बीण. आईच्या आजारपणात सहा वर्षं मी एकाच खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत पाहिली. आता ही खिडकी! अक्काला फोन करून सांगितलं, तर म्हणते, माणसं संपली म्हणून पाखरं मोजायला निघालीस का? तिची माया अशीच, चिमटे काढणारी.

काम सोपं आहे. थंडी सरली की पाखरं उत्तरेला निघतात, तोवर दिवसाच्या ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर किती उतरली ते लिहायचं. माझ्या आधी हे काम करणारे दुर्बीणकाका निवृत्त झाले, असं ऑफिसातले साहेब म्हणाले. मामांना त्यांच्याबद्दल विचारलं, तर ते होडीची दोरी सोडवत बसले. गाठ नव्हतीच तिला.

५ मार्च
हात बसला. पायरीपासून पाण्याकडे सात खांब रोवलेत, त्यांच्या अंदाजानं मोजायचं. आज तुतवार तीन हजारांवर, चिखलावर तीळ सांडावेत तसे. चिखल्या दोनशे दहा. दहाच्या सुमाराला पाणमांजर आलं आणि मासा दोन्ही हातांत धरून, घरचं कार्य असल्यासारखं निवांत जेवलं.

एक गंमत. सातव्या खांबापाशी थव्याला टक्कल पडलंय. चारी बाजूंनी पाखरं खेटून बसलेली आणि मध्ये परातीएवढी गोल जागा रिकामी. तिथे दगड असेल.

८ मार्च
दगड नाही. आज टक्कल सहाव्या खांबापाशी होतं. गमबूट चढवून, फळी टाकत टाकत गेले. चिखल सगळीकडे असतो तसाच, किडे भरपूर. परत येऊन दुर्बिणीला डोळा लावला, तर पाखरं पुन्हा उतरली होती. माझ्या फळीनं दाबलेल्या चिखलातसुद्धा चोची खुपसत होती. फक्त त्या जागेत एकही नाही. खेकडेही तिथे वळसा घालून जात होते.

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, बाई, पाखरं मोजा, रिकामी जागा मोजू नका.

१० मार्च
पाचवा खांब.

दुपारी कुरवांचा थवा चिखलाला पोट घासत घराकडे आला. त्या जागेपाशी तो दुभंगला आणि पलीकडे पुन्हा जुळला. नदीचं पाणी खांबाला वळसा घालतं तसा. चार वेळा पाहिलं. थव्यातली फट साधारण साडेपाच फूट उंच होती. वरच्या टोकाला अरुंद, खाली रुंद.

खांदे असावेत तशी.

१२ मार्च
मामा सामान घेऊन आले. मी त्यांना दुर्बिणीपाशी उभं केलं. बराच वेळ पाहिलं त्यांनी. मग तिथेच जमिनीवर बसले.

दुर्बीणकाका निवृत्त झालेले नाहीत, मामांनी सांगितलं. गेल्या वर्षी याच दिवसांत सातव्या खांबापलीकडे जाळ्याच्या तुकड्यात एक तुतवार अडकलं होतं. ते सोडवायला गेले आणि कमरेपर्यंत रुतले. मामा खाडीच्या पलीकडच्या काठावर होडीला डांबर लावत होते.

"हाक ऐकली होती मी," मामा म्हणाले. "पण तो ओरडायचाच हो, बाई, नवीन पाखरू दिसलं की. मला वाटलं, आनंदानं ओरडतोय. मी हातसुद्धा हलवला त्याला."

मग भरती आली. पुढे काही सापडलं नाही.

मी म्हटलं, मला आत्ताच्या आत्ता घेऊन चला. पण गप्पांत पाणी उतरलं होतं, दोघांच्या वजनानं होडी चिखलात टेकली असती. मधले दोन दिवस होडी दुसऱ्याला दिलेली, पंधरा तारखेला सकाळी नक्की येतो, म्हणाले. जाताना त्यांनी त्या जागेकडे पाठ केली नाही. होडी उलटी वल्हवत गेले.

१३ मार्च
साहेबांना फोन केला. ते म्हणाले, देह मिळाला नाही, कागदावर ‘निवृत्त’शिवाय दुसरा कोणता शब्द लिहिणार?

अक्काला फक्त एवढंच सांगितलं की परत येतेय. तिनं चक्क चिमटा काढला नाही. ये, म्हणाली, तुझी खोली झाडून ठेवते.

चौथा खांब.

१५ मार्च
पहाटेपासून दक्षिणेचा वारा. खाडीत लाटा होडीच्या उंचीच्या. मामा पलीकडच्या काठावर आले होते, दोन्ही हात आडवे हलवत होते. येणार नाहीत. फोन बंद.

तिसरा आणि दुसरा, दोन खांबांच्या मध्ये आहे तो.

आज कळलं. तो माझ्यामागे लागलेला नाही. रुतलेल्या माणसासारखा चालतोय, ओहोटीगणिक थोडा थोडा. घरी येतोय बिचारा. हे घर त्याचं. हा पलंग, ही खुर्ची, ही दुर्बीण त्याचीच.

आणि त्यात मी राहतेय.

१६ मार्च
दार उघडून मोठ्यानं म्हणाले, काका, घर तुमचंच आहे. वारा पडला की मी जाते. तुमचं काही घेतलं नाही मी.

पाखरं शांतपणे टिपत होती. ती जागा हलली नाही. पहिला खांब. पायरीपासून दहा पावलं.

१७ मार्च
गेली.

दक्षिणेच्या वाऱ्याची वाट पाहत होती ती. सकाळी सगळा थवा एकदम उठला, घरावर अंधारल्यासारखं झालं आणि पाच मिनिटांत — एकही नाही. तुतवार नाहीत, चिखल्या नाहीत, कुरवही नाहीत. नुसता चिखल. पसरलेला, चकचकीत, सगळीकडे सारखाच रिकामा.

आता तो कुठे आहे ते मला कसं कळणार —

१८ मार्च, सकाळ
एक तुतवार मागे राहिलंय. पंख दुखावलेला. खिडकीतून त्याच्यावरून नजर हटवत नाही मी. पहिल्या खांबाभोवती बिनधास्त फिरलं. म्हणजे तिथे नाही. पायरीखाली टिपलं. तिथेही नाही.

मग कुठे —

दुपार
दार उघडं ठेवलं. पाव कुस्करून टाकला, उंबऱ्यापासून आतपर्यंत. आलं. देवासारखं आलं. टेबलाखाली फिरलं, पलंगाखालीही. कुठेच थांबलं नाही, बिचकलं नाही. मी रडलेच. माझ्या पावलावर चढून कण टिपला त्यानं.

मी बसलेय त्या खुर्चीच्या मागेही टाकलाय पाव. तिकडे जात नाहीये.

भिंतीला घासून गेलं. पाठीमागून लांबचा वळसा घालून इकडे आलं. पुन्हा तसंच. सगळे कण संपले, मागचे तेवढे तसेच —

मी वळत नाही. वळणार नाही. लिहीत राहते —

पाखरू सरकलं. पावलापाशी होतं, ते आता टेबलाच्या पायाशी गेलंय. माझ्याकडे बघतंय. पुढे कण टाकला, घेत नाही. हात पुढे केला तर आणखी मागे —

वळसा मोठा झालाय. आता माझी खुर्चीही त्याच्या आत —