कॉलेजच्या खात्यात कोकरू

आई, मी शिक्षिका झाले हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी सांगलीत, विश्रामबागच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आता साताऱ्यात खोली घेऊन राहते आणि सकाळच्या एसटीने पूर्वेकडच्या एका गावातल्या शाळेत जाते. पहिलीचा वर्ग माझ्याकडे आहे. वर्गातली निम्मी मुलं आपल्यासारख्याच घरांतली, ज्यांचे आईबाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात. मी कुणाची, हे शाळेत कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी माझी समजूत घालत आले आहे.

यंदा ग्रामपंचायतीने ठरवलं की पहिलीतल्या प्रत्येक मुलाच्या नावाने पोस्टात कॉलेजचं खातं काढायचं. पहिली रक्कम पंचायत टाकणार. आईने किंवा बापाने स्वतः येऊन त्यात थोडी भर घालायची. मग मूल बारावी होईपर्यंत त्या पैशाला कुणी हात लावायचा नाही. पालकांना समजावण्याचं काम माझ्यावर आलं. व्याज, मुदत, वारस, सगळं पालकसभेला नीट लिहून नेलं होतं. ते वाचत असताना एकाही बाईच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी मागून एक बाई म्हणाली, "पैकं आमचं आन् आमालाच काढता यायचं न्हाईत? ही कसली रीत म्हनायची?" सगळ्या हसल्या, आणि मला तू आठवलीस.

मला शाळेत घातलंस त्या दिवशी तू कळपातलं एक कोकरू ओढत माझ्यापुढे आणलंस, त्याच्या कानाला खूण केलीस आणि म्हणालीस, "ही तुजी. हिची पिल्लंबी तुजी." मुलाच्या नावाने मेंढी राखायची रीत आपल्यात होतीच, पण मुलीच्या नावाने राखलेली पाहून चुलते तुझी चेष्टा करत राहिले. पुढे एकदा जत्रेत मला निळी सायकल हवी झाली. माझी मेंढी वीक म्हणून मी हट्ट धरला. तू रानात तीन दगडांच्या चुलीपुढे भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "तुजी हाय, म्हनूनच तुला मिळायची न्हाई." ते मला तेव्हा मुळीच कळलं नाही. विश्रामबागला फी भरायला तू आलीस तो दिवसही डोळ्यांपुढे येतो. खिडकीत तोंड घालून तू क्लार्कला मोठ्याने सांगते आहेस, "आवं सायेब, पावती लेकीच्या नावानं करा. पैकं माजं न्हाईत, तिच्या मेंढ्यांचं हाईत." क्लार्क हसतो, रांगेतली मुलं हसतात. तूही त्यांच्याबरोबर हसतेस, आणि पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाहीस.

यातलं काहीच मी सभेत सांगितलं नाही. हातातला कागद खाली ठेवून एवढंच म्हणाले, "पोराच्या नावाची मेंढी असते ना, तसंच हे खातं. ती कुणी विकत नाही आणि तिची पिल्लं वाढत राहतात." बायका एकदम सरसावून बसल्या. "मग आदीच तसं सांगायचं की वो बाई!" त्या दिवशी मी एसटीत खिडकीपाशी बसून स्वतःवर खूश होत घरी आले.

खाती काढायच्या दिवशी पंचायत समितीचे साहेब आले होते. मुख्याध्यापक सर, पोस्टाचा माणूस, व्हरांड्यात टेबल. एकेक पालक नोटा देऊन, सही-अंगठा करून जात होता. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई आली ती काखेत कोकरू घेऊन. तिने ते टेबलापुढे उभं केलं आणि म्हणाली, "ही घ्या पोरीच्या खात्यात. मादी हाय, चांगल्या दुधाच्या मेंढीची. पैकं काय, कवाबी खर्चून जात्यात."

साहेबांनी चष्मा वर केला. "हिचं आधार कार्ड आणलंय का?" व्हरांडा हसला. सर म्हणाले, "पोस्टात चारा कोण घालणार, वहिनी?" ती बाईसुद्धा हसली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमीच सांगा की. तुमीच म्हनला न्हवं, मेंढीवानीच असतंय म्हनून?"

साहेब माझ्याकडे बघू लागले. "मॅडम, तुम्ही यांना नक्की काय सांगितलंत?"

आई, मला फक्त म्हणायचं होतं, हो, मी म्हणाले होते. उदाहरण म्हणून म्हणाले होते. पण सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या आणि मला वाटलं, आता त्यांना दिसेल. मी कुठली ते. मी म्हणाले, "मी असं काही बोलले नव्हते, सर. यांचा गैरसमज झालाय."

तिचं हसू गेलं. तिने कोकरू उचललं, "बरं," म्हणाली आणि फाटकाबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा कळप गावातून निघाला. मुलगी आत्याकडे राहिली. वर्गात खातं नसलेली ती एकटीच. एकदा माझ्या टेबलाला टेकून तिने विचारलं, "बाई, मी कालिजात न्हाई जायची व्हय?" मी तिला पाटी काढायला सांगितली.

पोस्टातल्या माणसाने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. रविवारी मी फॉर्म आणि शाईचा पॅड पिशवीत घालून निघाले. त्यांची मेंढरं इस्लामपूरकडे, ऊस तुटून गेलेल्या एका रानात खतासाठी बसवली होती. विचारत विचारत पोचले. बाई मेंढरांभोवतीची वाघूर नीट करत होती; जाळीची गाठ हातातच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "आवं बाई! तुमी हितं?" तिच्या नवऱ्याने घोंगडं अंथरलं आणि तिला म्हणाला, "उबी काय ऱ्हायलीस, चा टाक की. लांबनं आल्यात." मी फॉर्म काढला. खातं अजून काढता येतं, असं सांगितलं. तिने कनवटीची नोट काढून दिली, अंगठा उठवला आणि तो पदराला न पुसता तसाच धरून बसली.

मी आता बोलणार होते. एसटीत वाक्य तयार केलं होतं. पण तीच आधी बोलली. "माजंच चुकलं बाई. तुमी बराबर सांगितलं आसंल, मीच उलटं घेतलं. त्या सायबाफुडं तुमाला खाली बघाया लावलं. लय वाईट वाटलं बगा." नवरा म्हणाला, "मी तवाच म्हनलं हुतं हिला, कोकरू कुनी पोस्टात न्हेतंय व्हय!" ती त्याच्यावर डाफरली, आणि मग दोघंही हसले. चहा आला. मेंढीच्या दुधाचा, तू करायचीस तसा. मी तो प्यायले आणि म्हणाले, "असू दे. होतं असं."

खातं निघालं. मुलीने पासबुकावरचं आपलं नाव बोटाने गिरवलं आणि वर्गभर दाखवत फिरली. तिच्या आईचा आत्याकडे निरोप आला, बाईंचे लय उपकार झाले म्हणून.

तुला वाचता येत नव्हतं. हे सगळं मलाच तुझ्याशेजारी बसून वाचून दाखवावं लागलं असतं. मला वाटतं, चहापर्यंत वाचलं असतं, आणि त्यानंतर मी जे 'असू दे' म्हणाले ते गाळून पुढे गेले असते.