उलटं घुबड अस्सल

ती. काकांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे हा नमस्कार खुर्चीत बसूनच घातला आहे, पण कागदावर तेवढं कळत नाही.) तुमची तब्येत उत्तम असणारच. तब्येत ठणठणीत असल्याखेरीज अकरा वर्षं पुतण्यावर रुसून राहणं कोणाला झेपत नाही. मीही या अकरा वर्षांत चार ओळी लिहिल्या नाहीत, तेव्हा फिट्टंफाट झाली असं समजू. काकूंची पाठ कशी आहे? तुमची सूनबाई रोज त्यांची आठवण काढते. काढते म्हणजे, बरणी फळीवर चढवायला उंच हात लागला की काढते. आमची मुलगी, म्हणजे तुमची नात, आता कचेरीत कामाला जाते आणि घरी आल्यावर आम्हाला कामाला लावते. माझं म्हणाल तर केस गेले आहेत, दात आहेत, आणि अब्रू जायच्या वाटेवर आहे. पत्र त्या तिसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

आपल्या ब्रँडवर संकट आलं आहे, काका. हा शब्द तुमच्या वेळी नव्हता. तुमच्या वेळी नुसतं 'घुबड छाप लाकडी पॉलिश' होतं. मागच्या खोलीत बाबा मेण वितळवायचे, तुम्ही टर्पेंटाइन ओतायचात, आई डब्या पुसायची, आणि रक्षण वगैरे कोणी करत नसे. बाबांनी घुबड निवडलं होतं तेच मुळी त्यासाठी. सिंह, सूर्य, मोर ही चित्रं लोक चोरतात, घुबड कोण मेला चोरणार, असा त्यांचा धोरणी विचार. आणि लेबलाची भानगड तर तुम्हाला सांगायला नकोच, पण सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. डबी पालथी ठेवली की झाकणाच्या फटीतून हवा शिरत नाही आणि पॉलिशचा वरचा थर वाळून तडकत नाही. म्हणून बाबा डब्या पालथ्या ठेवत, आणि तशा ठेवल्यावर वाचता यावं म्हणून लेबलही तसंच चिकटवत. डबी पालथी असेल तर घुबड सरळ, झाकण वर केलं की घुबडाचे पाय वर. तुमचं म्हणणं होतं की गिऱ्हाईक डबी झाकण वर करूनच हातात धरतं, तेव्हा त्याला घुबड सरळ दिसलं पाहिजे. यावर दोन सख्खे भाऊ एकवीस दिवस भांडले आणि बाविसाव्या दिवशी तुम्ही गोंद ढवळायचा डाव तिथेच टाकून काकूंना घेऊन निघून गेलात. (डाव अजून तिथेच आहे. गोंद वाळला आहे.) लोकांकडे जमिनीवरून फूट पडते, आपल्याकडे घुबडाच्या पायांवरून पडली. घराण्याचा थोरपणा कुठे लपत नाही.

असो. तर हल्ली लाकडी सामान घेणारेच कमी झाले. लोक लाकडाचा फोटो चिकटवलेली कपाटं घेतात आणि ओल्या फडक्याने पुसतात. जवळची दुकानं एकेक करून आपला माल ठेवीनाशी झाली, आणि शेवटी आपलं घुबड एका ऑनलाइन बाजारावरच जगू लागलं. ही कल्पना नातीची. तिने खिडकीत डबी ठेवून तिचे फोटो काढले, अर्थात झाकण वर करून. बाजारातल्या यंत्राने फोटो पाहिला, त्याला खाली डोकं वर पाय लटकलेला पक्षी दिसला, आणि त्याने आपला माल 'वटवाघळं पळवण्याचे उपाय' या खणात नेऊन ठेवला. पहिल्या गिऱ्हाइकाने सबंध डबी माळ्यावर फासली आणि अभिप्राय लिहिला की वटवाघळं गेली नाहीत, पण वासे आरशासारखे चमकताहेत. पाचापैकी तीन तारे दिले. मी त्या माणसाचा आजन्म ऋणी आहे, कारण त्याच्या वाशांचा फोटो बघूनच पुढची गिऱ्हाइकं आली.

दोन वर्षं बरी गेली. मग एक दिवस नात मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली आणि तो माझ्या नाकासमोर धरला. आपल्याच पानावर, आपल्याच नावाखाली, दुसरा एक विक्रेता येऊन बसला होता. तीच डबी, तेच घुबड, तोच पिवळा रंग. फरक एवढाच की त्या लफंग्याचं घुबड झाकण वर असतानाही सरळ होतं. अकलेचा उजेड बघा काका, चोरी करतानाही माणसाने दुरुस्ती केली! आणि लोक तरी किती गुणग्राहक. त्याला धडाधड पाच तारे. 'अखेर अस्सल माल मिळाला', 'आधी घेतलेल्या डबीवर लेबल उलटं होतं, तेव्हाच संशय आला होता', 'नकली माल विकणाऱ्यांना शिक्षा झाली पाहिजे'. एका निवृत्त शिक्षिकेने तर सविस्तर लिहिलं की एवढी जुनी कंपनी इतकी ढोबळ चूक करणं शक्यच नाही, तेव्हा उलट्या घुबडापासून सावध राहावं. त्या आठवड्यात आपल्या एकोणीस डब्या परत आल्या. बाबांनी जन्मभर जपलेला हट्ट आता आमच्या खोटेपणाचा पुरावा ठरला होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे मी उपहासाने लिहीत नाहीये.

मग आम्ही बाजाराच्या 'ब्रँड संरक्षण कक्षा'कडे तक्रार केली. या कक्षात माणूस नाही. पडद्यावर लिहून बोलणारा एक यंत्र-मदतनीस आहे, तो दर ओळीला आपली गैरसोय समजल्याचं सांगतो. मी त्याला म्हटलं, चोर तुमच्या अंगणात बसलाय. त्याने माझी गैरसोय समजून घेतली आणि अस्सल मालाचे सहा फोटो मागवले. मी पाठवले. तीन दिवसांनी निकाल आला. तज्ज्ञ तपासणीअंती आमचा माल नकली असल्याचा दाट संशय असून, आमच्यामुळे घुबड छाप या नामवंत ब्रँडच्या प्रतिष्ठेला धक्का पोहोचत आहे, सबब आमची विक्री थांबवण्यात येत आहे. (नामवंत! बाबांच्या हयातीत हा शब्द कोणी वापरला नाही. वापरला तो त्यांच्याच पोराला हाकलताना.) वर सुधारण्याची संधी म्हणून 'नक्कल कशी ओळखावी' ही चित्रफीत बघून दहा प्रश्नांची परीक्षा देण्यास सांगितलं. लेबलाची दिशा तपासा, हा त्यातला पहिला धडा. मला दहापैकी चार गुण पडले. सूनबाईला नऊ. तेव्हापासून घरात अस्सल काय आणि नकली काय हे तीच ठरवते, आणि चहातही ठरवते.

त्या मदतनिसानेच पुढे सुचवलं की संशयित विक्रेत्याकडून एक डबी विकत घेऊन तपासावी. म्हणजे स्वतःच्या घरी चोरी झाली तर चोराकडे गिऱ्हाईक म्हणून जायचं. गेलो. चौथ्या दिवशी पार्सल आलं. खोक्याला आडवी-उभी सुतळी बांधलेली. मी कात्री शोधत होतो, तेवढ्यात सूनबाईने गाठीचं एक टोक धरून ओढलं आणि अख्खी सुतळी सुटून तिच्या हातात आली. डबीचं झाकण मात्र निघेना. मी ओढलं, नातीने ओढलं, दारात चिमटवून बघितलं. शेवटी समोरच्या सुताराला बोलावलं. त्याने दात-ओठ खाऊन ते काढलं, बोटभर पॉलिश घेऊन आमच्या जुन्या कपाटाच्या दारावर चोळलं, फडकं मारलं, वास घेतला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, माल तर तुमचाच आहे. फक्त झाकण तुमच्यापेक्षा बरं लावलंय." या सुताराला कोणी विचारलं नव्हतं. पण वास मलाही आला होता. बाबा मेणात शेवटी जी एक गोष्ट चिमूटभर टाकायचे तिचा वास. ती काय, हे मी इथे लिहीत नाही, पत्रं फुटतात. मी ती डबी हातात घेऊन बराच वेळ मागच्या खोलीतल्या बाकावर बसलो होतो, एवढंच सांगतो.

एवढी गुप्त कृती त्या भामट्याला कळली कशी, याचा मला काही केल्या उलगडा होत नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा.

शेवटी बाबांच्या ट्रंकेत छापेच्या नोंदणीचा जुना कागद सापडला. तो पाठवल्यावर कक्षाचा सूर बदलला. कागद खरा आहे, उलटं घुबड हेच मूळ चिन्ह आहे (त्या कागदावरही ते उलटंच चिकटवलंय, बाबांनी सरकारलाही सोडलं नाही), आणि आमची गैरसोय त्यांना आता नव्याने समजली आहे. फक्त एक बारीक अडचण निघाली. कागदावर मालक दोन आहेत, बाबा आणि त्यांचे धाकटे बंधू. बाबांच्या जागी मी चालतो. पण तक्रारीवर दोघांच्याही सह्या हव्यात, आणि त्या पंधरा दिवसांत आल्या नाहीत तर घुबड छाप हे नाव बाजारातून कायमचं काढून टाकलं जाईल. उलटंही आणि सरळही. पंधरापैकी सहा दिवस मी हे पत्र लिहू की नको यात घालवले.

बाकी सर्व क्षेम. तुम्ही या वयात या गोष्टीचा त्रास करून घेऊ नये. काकूंना नमस्कार, पाठीला शेक द्यावा.

आपला पुतण्या

ता.क. सोबत तक्रारीचा अर्ज जोडला आहे. जिथे फुली केली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठवावा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या विक्रेत्याचा पत्ता मी पार्सलवर बघून भरला आहे. तो तुमचाच असल्यामुळे वाचायला त्रास पडू नये. स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर सही करण्याचा मान फार थोड्यांना मिळतो.

ता.क. २. पत्ता बघायच्या आधीच सूनबाईने ओळखलं होतं. एक टोक ओढल्यावर सुटणारी गाठ या जगात एकच माणूस मारतो, असं ती म्हणाली. आणि झाकणंही तोच माणूस घट्ट लावायचा. तुम्ही गेल्यापासून आमची झाकणं सैल राहतात. पालथ्या डब्या फळीवर ठिबकतात. हे मी अकरा वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. वर तुम्हाला लफंगा, भामटा वगैरे लिहून गेलो आहे. खोडायला गेलो असतो तर कागद फाटला असता, म्हणून तसंच राहू दिलं.

ता.क. ३. अर्जाच्या पाठीमागे आणखी एक चौकोन आहे, तो काल नातीने दाखवला. तिथे खूण केली तर तक्रार रद्द होते आणि दोन्ही मालक एकत्र विकणार असं धरलं जातं. ती खूण दोघांनी एका कागदावर, एकाच वेळी करायची आहे, असा नियम आहे. नियम मी बनवलेला नाही. (मदतनिसाला विचारलं तर अशी अट नाही म्हणाला, पण त्याला काय कळतं?) बाबा गेले तेव्हा तुम्ही बाहेरच्या ओट्यावर बसून निघून गेलात, आत आला नाहीत. या वेळी आत यावं लागेल, कारण पेन आत आहे.

ता.क. ४. तुमची डबी मी परत केलेली नाही. आपल्या रीतीप्रमाणे फळीवर पालथी ठेवली आहे. त्यामुळे आमची एकोणीस घुबडं रांगेत सरळ बसली आहेत आणि तुमचं एकटंच उलटं लटकलं आहे. जाता-येता बघवत नाही. या, आणि तुमच्या हाताने सरळ करून जा.