टाळ्या थांबल्या ती जागा

पेर्पिन्यां, १४ ऑक्टोबर २००३

प्रिय तोनिन,

इथे सगळे बरे आहेत, असं आधी लिहून टाकते. म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. आईचे गुडघे दुखतात. अंजिरं यंदा किडली. बाबांना जाऊन चौदा महिने झाले, दुखवट्याचे अजून दहा बाकी आहेत, त्यामुळे आपल्या बँडच्या गिटारी पेट्यांतच आहेत. एका लग्नाचं बोलावणं आलं होतं, बालतासारकाकांनी दारातूनच परत पाठवलं.

गेल्या मंगळवारी बाजारात गेले होते. मासेवालीचा रेडिओ चालू होता. काळ्या कपड्यातल्या बाईनं थांबून गाणं ऐकू नये, म्हणून निघालेच होते. तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. माझ्याच. मग बाबांचा आवाज.

"अगं, सार्डिन घेतेस की नुसती उभीच राहतेस?" मासेवाली म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. काका आपल्या स्वयंपाकघरात येऊन ओरडले, "मेलेल्या माणसाचा आवाज बाजारात मांडला! हे त्या तोनिनच्या परक्या बायकोचं डोकं. तिनंच माझ्या भावाच्या गाण्याची कॅसेट पळवली असणार. सर्व संतांच्या दिवशी फुलं घेऊन तो कबरीवर दिसला, तर तंगडं मोडीन!"

"हळू, भावजी. भिंती पातळ आहेत," आई म्हणाली.

मी कॉफी ओतत राहिले.

कॅसेट मी दिली, हे तुला नि मलाच ठाऊक. आपल्या रीतीप्रमाणे बाबांचं सगळं जाळायचं काम माझ्याकडे होतं. टोपी जाळली, बूट जाळले, गिटारही जाळली. ती एक कॅसेट मात्र पिठाच्या डब्यात लपवली आणि तू बार्सेलोनाला निघालास तेव्हा तुझ्या पिशवीत टाकली. "जपून ठेव" म्हणाले होते. रेकॉर्ड काढून जगाला ऐकव म्हणाले नव्हते.

दुखवटा मोडलास त्याचा राग नाही रे. खोटं लिहिलं, राग आहे. पण त्याहून मोठा राग दुसराच आहे. दुसऱ्या कडव्यात बाबांना खोकला आला होता, आठवतं? मी टाळ्या थांबवून त्यांना पाणी दिलं होतं. तू खोकला कापून टाकलास. थांबलेल्या टाळ्या तशाच राहिल्या. आता ऐकणाऱ्याला वाटतं, रेमेदिओसचा ठेका चुकला. बावीस वर्षं बाबांच्या डाव्या हाताला बसले मी. एकदाही चुकले नाही.

काल काकांना खरं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "गिटारींच्या पेट्या उघडतील तेव्हा तुझी खुर्ची नसेल, पोरी." आई उठून आत गेली.

क्लेमांसला सांग, तिच्यावरचा आळ गेला. तू कबरीवर ये. तुझं तंगडं शाबूत राहील. येताना कॅसेट आण. तीच, खोकल्यासकटची. ती मीच जाळणार आहे. आधी ऐकेन की नाही, ते विचारू नकोस.

तुझी ताई,
न चुकलेली
रेमेदिओस